ओळंबा बरोबर आहे

ओळंबा सरांच्या घरात एक जुनं भांडण होतं आणि ते भिंतीवर टांगलेलं होतं.

भांडण म्हणजे एक फोटो, क्लबच्या पहिल्यावहिल्या संघाचा. दोन रांगा खेळाडू, मधोमध छाती काढून सर. रोज सकाळी मैदानावर निघताना सर त्या फोटोसमोर थांबत, चौकटीचा खालचा कोपरा एका बोटानं ढकलत आणि ती जमिनीला समांतर करत. ते जिना उतरले की त्यांची बायको, जिला सगळं मैदान काकू म्हणायचं, हातातलं काम ठेवून यायची आणि चौकट पुन्हा होती तशी तिरकी करायची. संध्याकाळी सर विचारत, "आपल्या घरात भूकंप रोज होतो की एक दिवसाआड?" काकू म्हणत, "खिळा सैल आहे."

खिळा सैल नव्हता. तो सरांनी स्वतः ठोकला होता. उद्या भिंत पडली असती, तरी खिळा हवेत जागच्या जागी राहिला असता.

सरांचे वडील गवंडी होते. त्यांनी आयुष्यभर बांधलेल्या भिंती सगळ्या दुसऱ्यांच्या, त्यामुळे मुलाच्या वाट्याला आला तो फक्त त्यांचा ओळंबा, दोरीला टांगलेलं पितळी वजन. सरांनी भिंती बांधल्या नाहीत. ते क्लबात उंच उडी शिकवायला लागले. पण ओळंबा त्यांच्या थैलीत शिट्टीशेजारी कायम असायचा आणि तेच त्यांचं नाव पडलं. खरं नाव क्लबच्या शिपायालाही आठवून सांगावं लागायचं.

लोकांना वाटतं उडी हवेत असते, असं सर म्हणत. उडी जमिनीवर असते, हवेत फक्त तिचा निकाल लागतो. म्हणजे आधी नीट उभं राहायला शिका. आणि उभं राहणं म्हणजे सावधान. या शब्दातला 'सा' ते असा लांबवत, की 'धान' येईपर्यंत पलीकडच्या पोस्टातली रांगसुद्धा सरळ व्हायची. शिकवण्याची पद्धतही सोपी. सर सगळ्यांच्या पुढे पाठ करून उभे राहत आणि म्हणत, "माझ्यासारखं." मग वळून रांगेतून फिरत, एकेकाचे खांदे दोन्ही हातांनी धरत, आणि आपल्या खांद्यांशी ते जुळेपर्यंत हलवत. जुळले की पाठीवर थाप.

यात एकच अडचण होती. ती साऱ्या गावाला ठाऊक होती, फक्त सरांना नव्हती. सर स्वतः उजवीकडे कललेले होते.

फार नाही. वाऱ्यानं खांब थोडा कलावा आणि मग वाऱ्याला विसर पडावा, तेवढेच. पण ते कलणं हात धरून, थाप मारून, पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं होतं. बँकेच्या खिडकीतला कॅशियर उजवीकडे कललेला. लायब्ररीतली बाई उजवीकडे कललेली. बसचा कंडक्टर तर असा, की बस उजवीकडे वळली की एकदम सरळ दिसायचा. ही मंडळी कुठल्याही रांगेत एकमेकांना मागूनच ओळखत. "कुठल्या बॅचचे?" एवढं विचारलं की झालं, पुढचा अर्धा तास गप्पा. सरांच्या शिष्यांची उडी पुढे सुटली, नोकऱ्या लागल्या, पोटं सुटली, पण सावधान काही सुटलं नाही.

सरांना कुणी हे सांगितलं नाही. शिंपी त्यांच्या पॅन्टचा उजवा पाय गुपचूप बोटभर आखूड शिवायचा. मोची उजव्या बुटाची टाच न सांगता थोडी जाड लावायचा, पण सर मैदानावर कॅनव्हासचे बूट घालत, तिथे त्याचा इलाज चालत नव्हता. एवढं प्रेम करणारी माणसं आसपास असली, की माणसाला स्वतःबद्दल काही कळणं कठीणच.

हे असंच चालून गेलं असतं. पण मध्ये आली नात.

सरांच्या लेकीची लेक. अंगानं काटकुळी, पायानं लांबच लांब, आणि मोकळी असली की सगळा भार डाव्या पायावर टाकून उजवा गुडघा सैल सोडून उभी. कधीकधी तर उजवं पाऊल उचलून डाव्या पोटरीला टेकवायची. मैदानानं तिचं नाव बगळी ठेवलं आणि तिलाही ते आवडलं. शिकवलं तर कुणी नव्हतं, पण दोरीवरून, दगडावरून, आजीच्या भाजीच्या टोपलीवरून ती लहानपणापासून उडत आली होती, आणि प्रत्येक वेळी डाव्या पायावरून. मैदानावर मात्र नियम कडक. तिथे आजोबा नाहीत, तिथे सर.

नात उजवीकडे कलली असती तर सरांना दिसलंही नसतं. ही कलायची डावीकडे. सरांच्या डोळ्यांना ते इतकं खुपायचं, की जेवताना घास अडायचा. घरात येता-जाता, जिन्यात, नळाशी, आरशासमोर, जिथे दिसेल तिथे "सावधान". बगळी बिचारी सरळ व्हायची, म्हणजे सरांच्या हिशोबानं सरळ. तेवढ्यानं भागेना, म्हणून सरांनी एक जुनी स्लीपर घेतली, तिची टाच कापली, घासूनपुसून छान चकती केली आणि बगळीच्या डाव्या बुटात बसवली. डावी बाजू उचलली की पोरगी ताळ्यावर येईल, असं त्यांचं गणित.

पोरगी ताळ्यावर आली आणि उडी ताळ्यावरून गेली. जी काठी ती गाणं गुणगुणत ओलांडायची, ती आता दर वेळी तिच्याबरोबर खाली यायला लागली. सर म्हणायचे, सवय होईल. सवय झाली, पण काठी पाडायची. शेवटी एका संध्याकाळी तिनं बूट काढून दाराशी ठेवले आणि आजीला सांगितलं, की रविवारी संघाची निवड आहे, त्यात झालं तर झालं. नाही झालं तर ती पोहायला जाणार.

"पोहायला?" आतून सरांचा आवाज आला. "एकदम पोहायला का?"

"पाण्यात सरळ उभं राहा असं कुणी म्हणत नाही," बगळी म्हणाली.

 सर फोटोपाशी गेले, चौकट सरळ केली आणि सरळ झाल्यावरही उगाच पुन्हा सरळ केली. त्यांच्याकडे शिकायला आता मोजकीच पोरं उरली होती, आणि त्या मोजक्यांत एकच अशी होती, जिच्यासाठी ते सकाळी गजराच्या आधी उठत. ती पाण्यात गेली तर काठावर बसून काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

निवडीच्या आधी क्लबनं खेळाडूंना तपासायला फिजिओ बोलावली. तीही सरांचीच जुनी शिष्या. कॉलेजात पहिल्याच दिवशी तिला विचारलं होतं, कुठे पडला होतात का? तिनं अभिमानानं सांगितलं, नाही, शिकले आहे. मग सगळ्या वर्गासमोर तिला उभं करून कलणं म्हणजे काय ते समजावलं गेलं. सुधारायला तिला बराच काळ लागला. या क्लबात यायचं म्हटल्यावर तिला धास्ती वाटली, ती पोरींच्या पायांची नव्हे, सरांच्या.

तपासणी सामानाच्या खोलीत होती. कोपऱ्यात भाले, भिंतीला गुंडाळलेल्या गाद्या, त्यांचा तो ओला धुळकट वास, आणि मध्ये फिजिओनं मांडलेल्या लाकडाच्या पातळ पट्ट्या. कुणाचा पाय किंचित आखूड निघाला, तर त्याखाली पट्टी सरकवायची आणि कंबर समपातळीत येते का बघायचं. पोरी खिदळत होत्या. बगळी मात्र मागे मागे राहत होती, कारण बूट काढला की चकती दिसणार, आणि चकती दिसली की आजोबांचं नाव निघणार.

सरांना वाटलं पोरी घाबरल्या. ते पुढे झाले. आधी मला उभं करा, म्हणाले, सरळ म्हणजे काय ते सगळ्यांना एकदा दिसू दे. फिजिओनं तुमचं नंतर बघू म्हणून पाहिलं, बाहेर चहा आलाय म्हणून पाहिलं. सर म्हणाले, नमुना आधी दाखवतात. त्यांनी बूट-मोजे काढले, पायाला पाय लावले, नजर समोरच्या भाल्यावर रोखली आणि स्वतःलाच सावधान सांगितलं.

फिजिओनं त्यांच्या कंबरेच्या हाडांवर हात ठेवले. मग वाकून उजव्या पायाखाली एक पट्टी सरकवली. पुन्हा हात ठेवले. दुसरी सरकवली. सर खाली बघत नव्हते, सावधानमध्ये खाली बघत नाहीत. पण तिसऱ्या पट्टीला त्यांना आपण एका बाजूनं वर चाललो आहोत असं वाटायला लागलं.

"हे काय चाललंय?"

"पट्ट्या लावतेय, सर."

"ते कशाला?"

फिजिओ पट्ट्यांकडेच बघत राहिली. "तुम्हाला सरळ करायला, सर."

 सर पट्ट्यांवरून उतरले आणि फरशी तिरकी आहे, असं त्यांनी जाहीर केलं. एका पोरीनं बॉल आणून फरशीवर ठेवला. बॉल ठेवला तिथेच बसला, त्यालाही सावधान सांगितल्यासारखा. सर म्हणाले, बॉलचं काय सांगता, त्यात हवा कमी असेल. मग थैलीतून त्यांनी वडिलांचा ओळंबा काढला. हा खोटं बोलत नाही. बगळे, स्टुलावर चढ, दोरी माझ्या मानेमागे धर, आणि वजन दोन टाचांच्या मध्ये येतंय ते सगळ्यांना सांग.

बगळी स्टुलावर चढली. सर पुन्हा सावधान. पितळी वजन थोडा वेळ झुललं, थांबलं. टाचांच्या मध्ये ते आलं नाही. ते उजव्या टाचेमागे जाऊन थांबलं, कारण सरांची मानच मध्य सोडून उजवीकडे निघून गेली होती.

"कुठे आलं?" सरांनी समोर बघतच विचारलं.

सरांना मागचं दिसत नव्हतं. पोरींना सगळं दिसत होतं. बगळीकडे वर्षभराची थकबाकी होती. जिन्यातली सावधानं होती, नळावरची होती, आरशासमोरची तर विचारूच नका. आता एक शब्द बोलली असती, तरी सगळी फिटली असती.

"आजोबा," ती म्हणाली. मैदानावर पहिल्यांदाच. "ओळंबा बरोबर आहे."

सरांनी मान हलवली. मग ती मान हळूहळू हलायची थांबली. ओळंबा बरोबर आहे. म्हणजे कुठला, दोरीचा की माणसाचा? ते वळले. स्टुलावर नात दोरी धरून उभी होती, सगळा भार डाव्या पायावर, आणि डोळ्यांत अशी काळजी, की जणू आजोबा उंचावर आहेत आणि खाली गादी नाही.

सर एकदम हसायला लागले. आधी नाकातून, मग पोटातून. पोरी बघत राहिल्या, कारण सरांना हसताना खांदे हलतात हे त्यांना माहीत नव्हतं. खांदे हलत होते आणि हलतानाही उजवा खालीच होता.

मग बगळीचा बूट निघाला, चकती निघाली आणि फिजिओनं तिचे पाय पाहिले. फरक असलाच तर केसाएवढा. दोन्ही पाय अगदी सारखे असलेला माणूस मला अजून भेटायचाय, ती म्हणाली, थोडाफार फरक बहुतेकांना असतो आणि त्याचं काही बिघडत नाही. तिनं बगळीला बॉल मारायला लावला, मागून हलकेच ढकलून कुठलं पाऊल पुढे पडतं ते बघितलं, एका पायावर उभं केलं. बॉल मारला उजव्यानं, पण डाव्यावर ती अशी उभी राहिली की पोरी कंटाळल्या तरी डुलेना.

"एक पाय करणारा असतो आणि एक सांभाळणारा," फिजिओनं सांगितलं. "बॉल मारणाऱ्याचं नाव होतं, पण तेवढा वेळ अख्खा माणूस दुसऱ्यावर उभा असतो. हिचा डावा सांभाळतोही आणि उडवतोही. म्हणून रिकामी असली की ही त्याच्याकडे जाते. आपण नाही का, दमलो की आपल्या माणसाकडे जातो. त्याच्याखालीच सर तुम्ही उंचवटा करून ठेवलात."

सरांनी एक शेवटचा प्रयत्न केला. म्हणाले, डावखुरं माणूस हातानं असतं, त्यात पायाचा काय संबंध?

"शब्दातच खूर आहे, आजोबा," बगळी म्हणाली. "खूर काय हाताला असतो?"

त्या संध्याकाळी सर घरी आले, ते सरळ फोटोपुढे उभे राहिले. चौकट नेहमीप्रमाणे तिरकी होती. त्यांनी कोपऱ्याला बोट लावलं आणि थांबले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी चौकट सोडून आतली माणसं बघितली. माणसं सरळ उभी होती. बोटानं चौकट सरळ केली. सगळा संघ उजवीकडे कलला, जणू कुणी त्यांना एकदम हाक मारली होती. पुन्हा तिरकी केली. माणसं सरळ.

"खिळा सैल नाही," सर म्हणाले.

"नाही," स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या.

"कधीपासून माहीत होतं?"

काकू हात पुसत बाहेर आल्या. पहिल्यांदा बघायला आलात तेव्हापासून, त्या म्हणाल्या. दारात असे उभे होतात, मला वाटलं मुलगा नम्र आहे, जरा झुकून उभा आहे. नम्रपणा काही नंतर दिसला नाही, झुकणं तेवढं राहिलं.

सरांनी विचारलं, मग सांगितलं का नाही. काकूंनी फोटोकडे बोट केलं.

"इतकी पोरं तुमच्याकडे बघून उभी राहायला शिकली. कुणी पडलं का? मग मी कशाला हलवू?"

सरांनी बगळीच्या बुटातली चकती खिशातून काढली. डाव्या पायाची होती, म्हणून उलटी केली, तर उजव्या पायाची झाली. त्यांनी ती आपल्या उजव्या कॅनव्हास बुटात बसवली आणि खोलीत चार पावलं टाकून बघितली. काकू म्हणाल्या, उंच झालात. सर म्हणाले, अर्धाच झालो. आणि मग काकूंनी, कंबरेला चोळायच्या तेलाची बाटली आता तरी जरा पुरेल, असं म्हणून टाकलं.

रविवारी मैदान भरलं. जुन्या बॅचा आल्या होत्या, कॅशियर, लायब्ररीवाली, कंडक्टर. सगळे कुंपणाला ओळीनं कललेले, त्यामुळे कुंपणच पडायला आलंय असं वाटत होतं. त्यांच्यासमोरून सर गेले ते सरळ. ते बघून कंडक्टरनं शेजारच्याला विचारलं, सरांची तब्येत बरी आहे ना?

बगळीची पाळी आली. संघात जायचं तर ही काठी ओलांडायलाच हवी होती आणि संधी तीनच. चकती बुटातून गेली होती, पाय मोकळे होते. तरी पहिल्या उडीला काठी पडली. दुसऱ्यालाही पडली. फिजिओ कुंपणापाशी चुळबुळ करत होती. पोरगी गादीवरून उठली, कपडे झटकले, परत जाऊन धावायच्या जागी उभी राहिली, आणि तेव्हा सरांना दिसलं.

ती सावधानमध्ये उभी होती. टाचेला टाच, गुडघे ताठ, श्वास धरलेला. आणि नजर काठीकडे नव्हती, सरांकडे होती. इतक्या दिवसांचं शिकवणं एका दिवसात कसं उतरणार? आजोबा समोर आहेत, जुन्या बॅचा बघतायत, आजोबांची मान खाली जायला नको, म्हणून पोरगी आजोबांसारखी उभी राहिली होती. आताच्या नव्हे, जुन्या आजोबांसारखी. उजवीकडे किंचित कललेली.

 सरांनी शिट्टी तोंडातून काढली. खेळाडू धावायच्या आधी सर सावधान म्हणतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुंपणावरच्या जुन्या बॅचा तर सवयीनं आधीच ताठ झाल्या होत्या. सरांनी छाती भरून श्वास घेतला.

"विश्राम!"

हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. सराव संपला की ते नुसते निघून जात, पोरं आपली आपण सैल पडायची. कुंपणावर कॅशियरनं लायब्ररीवालीकडे बघितलं. आणि शब्द पुरेसा होणार नाही असं वाटलं म्हणून की काय, सरांनी सगळ्या मैदानासमोर कंबरेवर हात ठेवला, भार एका पायावर टाकला आणि दुसरा गुडघा सैल सोडला. शोभत नव्हतं. उंट उठावा की बसावा या विचारात पडावा, तसे दिसत होते.

बगळीला हसू आलं. हसता हसता तिचा श्वास सुटला, उजवा गुडघा सुटला, सगळी पोरगी अलगद डाव्या पायावर जाऊन बसली. तिथे ती क्षणभर राहिली. आता तिची नजर काठीवर होती. मग धावली. डावा पाय पडला तसा सबंध मैदानाला ऐकू आला, आणि लांबलचक पाय एकामागून एक, कुणी खिडकीतून चादर झटकावी तसे काठीवरून पलीकडे गेले. टाच लागली. काठी थरथरली. कुंपणावरच्या सगळ्या बॅचा नकळत डावीकडे झुकल्या, जणू तेवढ्यानं ती सावरणार होती.

काठी राहिली.

गादीतून उठून पोरगी धावत आली ती थेट सरांपुढे, धापा टाकत, एका पायावर. आधीच्या दोन उड्या कुठे चुकल्या, पोहायला जायचं की नाही, हे सगळं मागे पडलं होतं. तिला एकच जाणून घ्यायचं होतं.

"सर, टाच का लागली? उभी नीट होते ना मी?"

सर अजून तसेच उभे होते, कंबरेवर हात, गुडघा सैल. त्यांना बहुधा त्यातून बाहेर कसं यायचं ते माहीत नव्हतं.

"मला नको विचारूस," ते म्हणाले. "मी विश्रामात आहे."